धवलारीण आजींचं रेकॉर्डिंग : पट्टी कुणी ठरवायची?

आगरी लग्नात विधींबरोबर धवले, म्हणजे त्या-त्या विधीची गाणी, गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्याकडे वही नसते, पेटी नसते, तबला नसतो. शेकडो ओळी तोंडपाठ असतात, आणि आवाज माइकशिवाय मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातल्या अशाच एका आजींचे चार धवले आम्ही तिघांनी मिळून रेकॉर्ड केले. संगीत संयोजन माझ्याकडे होतं, सोबत एक ध्वनिमुद्रक आणि एक ढोलकीवादक. आजींच्या नातवाला हे धवले घरच्या लग्नात वाजवायला आणि नंतर यूट्यूबवर ठेवायला हवे होते. उपजत गळ्याच्या गायिकेभोवती काम करताना कोणते निर्णय सोबत्यांच्या हातात असतात आणि ते कुठे चुकतात, हे तपशिलात लिहितो.

पहिलं सत्र ठाण्यातल्या एका स्टुडिओत झालं आणि पूर्ण वाया गेलं. तयारी नेहमीची होती : काळी चारचा (पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरणारा) तानपुरा, मिनिटाला ९० मात्रांचा क्लिक (कानात वाजणारी तालाची टिकटिक), दोन्ही कानांवर हेडफोन, काचेच्या खोलीत एकट्या आजी. सूर चुकला नाही, ताल चुकला नाही, पण गाणं मेलं. ओळींची टोकं तुटली, शब्द सपाट झाले. घरी चुलीपाशी बसून गाणाऱ्या आजी त्या रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नव्हत्या. नातू म्हणाला, आजी घाबरली असेल. मला ते पटलं नाही. एकेक गोष्ट सुटी करून पाहिली तेव्हा चार कारणं निघाली, आणि चारही आम्हीच निर्माण केलेली होती.

सगळ्यात मोठं कारण पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ती उंची. बायकांसाठी काळी चार किंवा पाच सोयीची, हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की विचारण्याचीही गरज वाटत नाही. दुसऱ्या आठवड्यात आजींच्या घरी जाऊन, काहीही न सांगता, ओटीवर हातातला छोटा रेकॉर्डर ठेवून तीन वेगवेगळ्या दिवशी त्यांचं गाणं घेतलं. तिन्ही दिवशी षड्ज, म्हणजे सा, जवळजवळ एकाच जागी लागला : १८८ हर्ट्झच्या आसपास. काळी तीन १८५ वर असते, पांढरी पाच १९६ वर. म्हणजे आजींचा सा कुठल्याच पट्टीवर नाही, काळी तीनच्या किंचित वर आहे. पेटी कधी सोबतीला नव्हती, त्यामुळे पट्टीशी जुळवून घ्यायचं कारणच नव्हतं. काळी चार म्हणजे जवळजवळ २०८ हर्ट्झ. आम्ही त्यांना जवळजवळ पावणेदोन पट्ट्या वर चढवून गायला लावलं होतं. वरच्या जागा आल्या की गळा आवळला जाणारच.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात किंवा ॲपमध्ये पट्टी बारीक सरकवायची सोय असते. आम्ही काळी तीन धरून ३० सेंट वर घेतलं. (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप : एका सप्तकाचे १२०० सेंट, दोन लगतच्या पट्ट्यांत १००.) एकट्याने गाताना आजींचा सा पाच कडव्यांत हळूहळू चढून १९२ च्या जवळ जायचा. सोबतीशिवाय गाणाऱ्या खुल्या गळ्यात असं चढणं नेहमीचंच आहे. त्यांच्याच सा वर लावलेला तानपुरा खोलीत अगदी हलका वाजत ठेवला आणि चढणं आपोआप थांबलं. तानपुरा मोठा केला की मात्र त्या त्याच्यावर मात करायला जोर लावतात, म्हणून बोलण्याच्या आवाजापेक्षाही तो खाली हवा.

पेटी ह्या कामातून बाद झाली, आणि त्याला केवळ १८८ चा आकडा कारण नाही. पेटीचे स्वर समान अंतरावर बांधलेले असतात. शुद्ध गंधार पेटीवर सा पासून ४०० सेंटवर येतो, तर तानपुऱ्याशी मिळून गाणाऱ्या गळ्यातला गंधार ३८६ च्या जवळ बसतो. हे १४ सेंट कानाला नुसते कळत नाहीत, टोचतात. मग ऐकणारा म्हणतो, आजी थोड्या बेसूर आहेत. बेसूर पेटी असते. आम्ही दोन कडव्यांच्या मधल्या जागांसाठी व्हायोलिन घेतलं, तारा आजींच्या सा ला लावल्या आणि वादकाला एकच सूचना दिली : आजी गात असताना गज उचलायचा.

नातवाची बेंजोची हौस रास्त होती. नवी मुंबईतल्या हळदीला बेंजो नाही म्हणजे हळदच नाही. बेंजोच्या तारा हव्या त्या सा ला लावता येतात, पण पट्ट्यांमधली अंतरं पक्की असतात, म्हणजे पेटीचाच प्रश्न. तो चौथ्या धवल्याच्या शेवटी, आजींचा आवाज थांबल्यावर, दीड मिनिटाच्या वेगळ्या तुकड्यात घेतला. नाचायचं ते तिथे नाचता येतं.

दुसरं कारण क्लिक. आजींची लय सरळ रेषेत नाही. घरच्या रेकॉर्डिंगवर मात्रा मोजल्या तर कडव्याची सुरुवात ८४ ला आणि शेवट ९१–९२ ला. ओळ संपताना शेवटचा स्वर त्या कधी एक, कधी दीड मात्रा जास्त धरतात, कारण त्या वेळात मागच्या बायका श्वास घेऊन ओळ उचलतात. क्लिकवर ही जागाच उरत नाही. उपाय कष्टाचा आहे पण अवघड नाही. आधी गाणं क्लिकशिवाय घ्यायचं. मग ते ऐकत प्रत्येक मात्रेला सॉफ्टवेअरमध्ये टिचकी मारत जायचं, म्हणजे त्या गाण्याचा स्वतःचा लयनकाशा तयार होतो आणि संगणकातल्या चौकटी आजींच्या मागे चालतात. पाच मिनिटांच्या धवल्याला ह्यात तासभर जातो. ढोलकी त्यानंतर, आजींचं गाणं ऐकत, ठाण्यात वाजवून घेतली. लांबवलेल्या स्वराच्या जागी ढोलकीवादकाचा हात पोकळी भरायला शिवशिवतो. तिथे एक धूम मारून थांबायचं, हे ठरवायला आम्हाला तीन बैठका लागल्या.

पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं : दमट हवेत कातडं सैल पडतं आणि ढोलकीच्या शाईच्या बाजूचा स्वर उतरतो, वातानुकूलित खोलीत नेली की कातडं सुकून तो चढतो. वाद्य खोलीत अर्धा तास ठेवून मगच स्वर लावा आणि दर वीस मिनिटांनी तपासा. नाहीतर पहिलं आणि चौथं कडवं जोडताना सांधा उघडा पडतो.

तिसरं कारण हेडफोन. स्वतःचा आवाज कानात मोठा आला की माणूस आपोआप हळू गातो. ज्यांनी आयुष्यभर मांडवात गायलंय त्यांच्या गळ्याची सगळी ताकद ह्याने निघून जाते. चौथं कारण झील धरणाऱ्या, म्हणजे मागून ओळ उचलणाऱ्या, बायका नसणं. धवला एकटीने गायचा प्रकार नाही. पुढची ओळ मागच्या प्रतिसादावर टेकून येते. बायकांचा आवाज नंतर वेगळा घेऊ, हा विचार तांत्रिकदृष्ट्या सोयीचा होता, पण त्याने आजींचा आधारच काढून घेतला.

म्हणून खरं रेकॉर्डिंग घणसोलीतच, घराच्या आतल्या खोलीत, दुपारी दोन ते चार ह्या वेळात केलं. ट्रान्स-हार्बरची गाडी, कुकरच्या शिट्या, पाण्याच्या मोटारी आणि शिकवणीची मुलं ह्यांच्या मधली हीच काय ती शांत वेळ. खिडक्यांवर दुहेरी गोधड्या, आजींच्या पाठीमागच्या भिंतीला उभी गादी, पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना घराची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायला विसरणार नाही.

आजींसमोर मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माइक, तोंडापासून ४५ सेंटिमीटरवर, नाकाच्या उंचीला आणि किंचित तिरका. स्टुडिओतल्या सवयीचे १५–२० सेंटिमीटर इथे चालत नाहीत. जवळ गेलं की आवाजात खर्ज फुगतो, आणि अशा गळ्याचा हळू आणि मोठा आवाज ह्यांत एवढा फरक असतो की एक ओळ पुरेशी येते तर दुसरी फाटते. सगळ्यात मोठ्या आवाजातली ओळ गायला लावून पातळी उणे १२ डेसिबलवर ठेवली. मांडवातला जोर खरा लागला की आणखी चार-पाच डेसिबल चढतात. फाइलींचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. चार बायका दोन मीटरवर अर्धवर्तुळात, त्यांच्यासाठी वेगळा माइक. त्यांचा आवाज आजींच्या माइकात उतरतो, आणि तो उतरूच द्यायचा. मग दोन्ही एकाच वेळी गातात तिथे कापाकापी करता येत नाही, ही त्याची किंमत आहे आणि ती मोजण्यासारखी आहे.

आता कडव्यांची निवड. ह्या भागात सोबत्याची जबाबदारी सगळ्यात जास्त असते आणि चूकही सहज होते. एकेका धवल्याची कडवी चाळीसच्या वर, नातवाला गाणं हवं पाच मिनिटांचं. वेळेची अशी अडचण जुनीच आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, आणि ठाण्याचे जनकवी पी. सावळाराम, संगीतकार वसंत प्रभू आणि लता मंगेशकर ह्यांचं काम त्याच मापात झालं. तिथे कवी माप ठाऊक असताना लिहीत होता. धवला मात्र विधीच्या मापाने बांधलेला असतो. मी ऐकायला छान वाटलेली सहा कडवी काढून आणली तेव्हा आजींनी ती ऐकली आणि सरळ नकार दिला. देवीचं बोलावणं आधी येतं. एकवीरा आईला न बोलावता हळद कशी लावणार? क्रम त्यांचा, संख्या आमची, असं मग ठरलं. प्रत्येक टप्प्याचं एक कडवं त्यांनी निवडलं, आम्ही फक्त घड्याळ धरलं. ही यादी माझ्या यादीपेक्षा चांगली निघाली, कारण तिच्यात गोष्ट पुढे सरकते. आणि प्रत्येक धवला पूर्ण लांबीचाही रेकॉर्ड करून ठेवला.

उच्चारांबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. आगरी बोलीत ळ चा ल होतो. आजी 'हलद' म्हणतात. बाहेरच्या एका जाणकाराने ते 'हळद' करून घ्या, ऐकणाऱ्यांना चूक वाटेल, असं सुचवलं होतं. ऐकायचं नाही. ल वर स्वर टिकतो, ळ वर जीभ मागे वळते आणि त्या जागेचा लगावच बदलतो. आणि मुळात ती चूक नाहीच, ती भाषा आहे.

सूचना कशा द्यायच्या हेही शिकण्यासारखं आहे. 'थोडं हळू गा' म्हटलं की आजी सगळंच हळू गातात, 'भाव आणा' म्हटलं की काहीच होत नाही. 'नवरीच्या कानाशी सांगताय असं गा' म्हटलं की पहिल्याच वेळी नेमकं येतं, कारण ते त्यांनी खरोखर केलेलं असतं. घाण्याची वेळ, हळदीची वेळ, पाठवणीची वेळ, असे शब्द वापरा. स्वरांची नावं सांगू नका.

एका धवल्याचे जास्तीत जास्त तीन टेक. चौथ्या टेकला कलाकार स्वतःचीच नक्कल करू लागतो, आणि उपजत कलाकाराच्या बाबतीत हे फार लवकर घडतं. दोन धवल्यांमध्ये वीस मिनिटं चहा, रेकॉर्डर मात्र चालूच. तिसऱ्या धवल्याची अंतिम सुरुवात अशाच चहाच्या वेळेतली आहे.

संपादनात कडव्यांच्या पातळीवरच जोड दिले, व्यंजनावर कापून ५ ते १० मिलिसेकंदांचा मिलाफ ठेवून. श्वास काढले नाहीत, फार मोठे होते ते ४–५ डेसिबल खाली घेतले. सूर सुधारणारं सॉफ्टवेअर कुठेही लावलं नाही. त्याने मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याच्या, पायऱ्या होतात आणि तो ३८६ चा गंधार ओढून ४०० वर नेला जातो. १०० हर्ट्झखालचा भाग कापला, तीन किलोहर्ट्झच्या आसपास दोन डेसिबल कमी केले (खुल्या गळ्याचा कर्कशपणा तिथे असतो) आणि तीनास एक गुणोत्तराचं हलकं कॉम्प्रेशन (मोठा आणि हळू आवाज ह्यांतला फरक कमी करणारी प्रक्रिया) दिलं. अंतिम पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं माप). यूट्यूब त्याहून मोठं गाणं स्वतःच खाली आणतं, त्यामुळे आवाज पिळून काढण्यात अर्थ नाही.

कागदपत्रं रेकॉर्डिंगच्या आधी करा. धवल्याचे शब्द आणि चाल पारंपरिक आहेत, तिथे संयोजकाने स्वतःचं नाव घालू नये. पण गाण्यावर गाणाऱ्याचा हक्क असतो : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षांचा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपलं नाव लावलं जाण्याचा हक्कही त्याला मिळाला. ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याकडे ६० वर्षं राहतो, म्हणून निर्माता कोण हे लिहून ठेवणं गरजेचं. आमच्या एका पानाच्या करारात निर्माता म्हणून आजींचं नाव आहे, आम्हा तिघांचं मानधन एकरकमी आहे, झील धरणाऱ्या चौघींची नावं श्रेयात आहेत. करार वाचून दाखवला, मगच अंगठा घेतला. पूर्ण लांबीच्या मूळ फाइली दोन हार्डडिस्कवर आहेत. एक घणसोलीला आजींच्या कपाटात, दुसरी त्यांच्या ऐरोलीच्या लेकीकडे, कारण पुढचे धवले तीच शिकते आहे.