डावी सीट

रविवारी दुपारी जेवणं झाली की आमच्या गल्लीत माणसं आडवी होतात. मीही झालो, फक्त बाहेरच्या फरशीवर, गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी. बऱ्याच खटपटीनंतर रॅकच्या नळीतून नायलॉनचं एक कडं निघालं. स्टिअरिंग रॅकचं, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याचं, बुश ते हेच. एके काळी पांढरं असावं, आता ग्रीस आणि धूळ पिऊन तपकिरी झालेलं. उन्हाला धरून बघितलं तर एकीकडची कड जाड, समोरची पातळ. आतून बोट फिरवलं की झिजलेल्या बाजूला एक गुळगुळीत, किंचित खोल गेलेली पट्टी लागते. एवढ्याशा पट्टीनं गेले कित्येक महिने घरात रामायण चालू होतं.

सुरुवात आईनं केली. दुसऱ्या रेल्वे गेटाचे रूळ ओलांडताना म्हणाली, "पायाखाली कोण तरी धोटा मारालंय बघ."

मला काही ऐकू आलं नाही. आता आईला कमी ऐकू येतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आमच्या टीव्हीवरची मालिका शेजाऱ्यांना आपला टीव्ही न लावता फुकटात कळते. अशा बाईनं आवाज येतो म्हणायचं आणि कानानं धडधाकट माणसानं कुठाय म्हणायचं! पण उपमा मागावर सूत घेऊन पळणाऱ्या धोट्याची होती, म्हणून मी गप्प बसलो. धोट्याच्या बाबतीत आईचा शब्द आमच्या घरी अखेरचा.

तिचं माहेर वडगावचं. वडगाव, शहापूर, खासबाग हा बेळगावातला मागांचा पट्टा; पुढं सोपा, मागं शेड, शेडमध्ये यंत्रमाग. सुट्टीला आम्ही तिकडं असायचो. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडं मिनिटाला शंभरावर वेळा फेकला जायचा आणि दर फेकीला खट्ट. असे चार-सहा माग एकदम चालू असले की शेडमध्ये बोलायची सोय नव्हती, हातवारेच चालायचे. मामा बोटांनी सुताची कांडी मागायचा, मामी मानेनंच नाही म्हणायची. आज्जा मात्र शेडमध्ये फारसा नसायचा. तो बाहेर कट्ट्यावर पान जमवत बसलेला असायचा आणि मधेच आत तोंड करून ओरडायचा, "तिसऱ्यावर बघ." तिसऱ्यावर खरोखरच काहीतरी झालेलं असायचं. एवढ्या गदारोळात एका मागाचा सूर बदललेला या माणसाला कट्ट्यावर कसा कळतो, हे मला लहानपणी चेटूक वाटायचं. आणि रात्री करंट गेला की काय व्हायचं? गाढ झोपलेली माणसं उठून बसायची. शांततेनं जाग यायची त्या घरात.

असो. गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाल्यानं एक चक्कर मारली, म्हणाला, काही नाही. दुसऱ्याकडं नेली. त्यानं चक्करही न मारता सांगितलं, रॅकची पूर्ण असेंब्ली बदला. म्हणजे कित्येक हजार. मग मी एक केलं. पहिल्या गॅरेजातल्या पोराला चालवायला बसवलं आणि स्वतः आईच्या जागी, डाव्या सीटवर बसलो. खानापूर रोडवर जिथं डांबर संपून खडी लागते तिथं गाडी गेली आणि माझ्या बुटाखाली, अगदी तळव्याला, कट्. कट्कट्. पोरगं तोंड वळवून म्हणतंय, "कुठाय सर?"

याला कारण आहे, आणि ते कळल्यापासून मी जरा बदललो आहे. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं. त्याच्या दांड्याच्या टोकाला पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक. ते रॅकच्या दातांवर फिरतं आणि रॅक डावी-उजवीकडं सरकतो. उजव्या टोकाला रॅकला पिनियनचा आधार असतो, शिवाय स्प्रिंगचा दट्ट्या मागून दाबून धरतो. डाव्या टोकाला मात्र या कड्याखेरीज त्याला वाली नाही. कडं झिजलं की खड्ड्यात चाक आपटेल तसा रॅक नळीत आपटतो, आणि आपटतो डाव्या बाजूच्या माणसाच्या पायाखाली. चालवणारा उजवीकडं. त्याच्या हाताला फार तर बारीकशी थरथर.

यावरून बाबांची आठवण निघणारच. बाबा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर टर्नर. बोथट झालेलं टूल नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस, पण आमच्या सेकंडहँड मारुती ८०० मध्ये आई "काहीतरी वाजालंय" म्हणाली की त्यांचं ठरलेलं उत्तर, "गाडी म्हटल्यावर आवाज असतंयच." एकदा सावंतवाडीला जाताना आंबोलीच्या घाटात आईनं गाडी थांबवायलाच लावली. धुकं, पाऊस, मागं बसचा हॉर्न. बाबांनी चिडून डिकी उघडली, तर आत चाकाचा पाना प्रत्येक वळणावर या भिंतीवरून त्या भिंतीवर जाऊन आदळत होता. बाबांनी तो पोत्यात गुंडाळून ठेवला आणि घाट उतरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमच्या गावाची सरकारी पाटी 'बेळगावी' झाली. गाडी आम्ही त्याआधीच विकली होती, तरी दोन्ही बातम्या बाबांनी सारख्याच चेहऱ्यानं वाचल्या.

तर बुश. स्पेअरच्या दुकानात मालकानं वर न बघता विचारलं, "कंपनीचं पायजे का लोकल?" कंपनीचंही इतकं स्वस्त निघालं की त्या कित्येक हजारांचा राग नव्यानं आला.

काम घरी करण्यासारखं आहे, पण स्टिअरिंगचं आहे, तेव्हा माझी देवपूजा ठरलेली. हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे. जॅकवर उचलली की खाली घोडी लावायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर हातसुद्धा आत घालायचा नाही. टाय रॉड एंडचा, म्हणजे रॅक चाकाशी जोडणाऱ्या सांध्याचा, नट काढून बोल्टवर हातोडा हाणायचा मोह सगळ्यांना होतो. बोल्टवर नाही, तो ज्यात बसलाय त्या डोळ्याच्या कडेवर हाणायचा, म्हणजे बोल्टचा निमुळता भाग, टेपर, आपोआप सुटतो. एंड फिरवून काढताना आटे मोजायचे. मी ते खडूनं कंपाउंडच्या भिंतीवर लिहिले आणि घरातून कुणी पुसू नये म्हणून खाली सहीसुद्धा केली. मग रबरी बूट, म्हणजे रॅकच्या टोकावरचं आवरण, मागं सारायचा, लॉक वॉशरची दुमडलेली कड छन्नीनं सरळ करायची, रॅक एंड सोडवायचा. बूट फाटलेला असेल तर तो आत्ताच बदलायचा. त्यातून लाल माती आत गेली की नवं बुशही जुन्याच्या वाटेनं जातं, आणि लाल मातीला आमच्या भागात काय तोटा!

बाबा खुर्ची टाकून बसले होते. जुनं बुश हातात आल्यावर त्यांनी आतून व्हर्निअर मागवला, चष्मा कपाळावर घेतला आणि दोन्ही बाजूंची जाडी घेतली. फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमीच निघाला. "एवढ्याचं एवढं होतंय?" म्हणाले. मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "तिला आधी ऐकू आलं म्हणायचं." घाटातला पाना त्यांना आठवला की नाही, मी विचारलं नाही.

आटे मोजून बसवले तरी अलाइनमेंट करून घ्यावीच लागते. चाकं किंचित आत-बाहेर झाली की टायर खातात. दुसऱ्या दिवशी आईलाही घेऊन गेलो, तिला पुढं डॉक्टरांकडं जायचंच होतं. अलाइनमेंटवाल्यानं खाली वाकून नवं ग्रीस बघितलं. कन्नडमध्ये विचारलं, "यार माड्यारी?" कुणी केलं? मी म्हटलं, मन्याग, घरात, मीच. त्यानं चाक धरून दोन हिसके दिले, "छलो आगेती," चांगलं झालंय, म्हणाला आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

डॉक्टरांनी आईच्या कानाचा आलेख काढला. कागदावर डावीकडं, जाड आवाजांची रेघ बऱ्यापैकी वर, म्हणजे ते ऐकू येत होते. उजवीकडं सरकत ४००० हर्ट्झपाशी ती एकदम खाली गेलेली. गोंगाटात वर्षं काढलेल्या कानाचा आलेख असाच येतो म्हणे. बारीक, उंच आवाज आधी जातात. त्यात स, श, त ही अक्षरं, म्हणून 'साखर' म्हटलेलं तिला नुसतं पुसट काहीतरी वाटतं. जाड ठोका मात्र पोचतो, कानाला नाही तर पायाला. येताना विचारलं तर तीही तेच म्हणाली, "ऐकलो कुठं? तळव्याला लागत होतं. मी सांगितलो न्हवं?"

कारखान्यांच्या नियमात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याचे माग त्याच्या वरच चालतात. पण सोप्यामागच्या शेडला कारखाना कोण म्हणणार, आणि तिथं मोजायला कोण येणार? लग्नापर्यंत आई तिथंच कांड्या भरत होती. मामाला आता फोनवर बोलता येत नाही. आज्जा शेवटी शेवटी कट्ट्यावर बसायचा तो नुसताच.

दुसरं गेट बंद होतं. आगगाडी जायची होती, इंजिन बंद करून थांबलो. मी जरा ओरडूनच विचारलं, "घरात एवढं सूत पडलेलं असायचं. कानात बोळे का घालत नव्हता तुम्ही?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "बोळा घातल्यावर कुठल्या मागाचा आवाज बदललाय ते कळायचं कसं?"