गिरणीतलं पातं

आमच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात स्वागत, अहवालवाचन, जमाखर्च हे अर्ध्या तासात उरकतं. मी वर्षभर वाट पाहतो ती त्यानंतरच्या भाषणांची. रोजच्या वापरातली एक वस्तू आणायची आणि तिचं मूळ सांगायचं, एवढाच नियम.

एकदा एका शाळकरी मुलीनं जांभळी ओढणी उलगडून विल्यम पर्किनची गोष्ट सांगितली. १८५६ साली, वयाच्या १८व्या वर्षी, तो हिवतापावरचं औषध क्विनीन बनवायला गेला आणि हाती लागला कृत्रिम जांभळा रंग! सांगताना तिचेच डोळे चमकत होते.

पण आमच्या निवृत्त शिक्षिकाबाईंचं भाषण मी कधीच विसरणार नाही. त्यांनी गवत कापायच्या यंत्राचं जुनं पातं आणलं होतं. पूर्वी हिरवळ राखायची ती विळ्यानं, नाहीतर मेंढ्या चारून. इंग्लंडमध्ये लोकरी कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र एडविन बडिंग यांनी पाहिलं आणि १८३०मध्ये तीच युक्ती गवतावर आणली. "पण त्या हिरवळीवर बसायला सुटी नको का?" असं म्हणून बाई थेट मुंबईच्या गिरण्यांत शिरल्या. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला, त्यात रविवारच्या सुटीची मागणी होती. ती मान्य व्हायला १८९० उजाडलं. बाग काय, सुटी काय, दोन्हींची वाट कापडाच्या गिरणीतून गेलेली! सह्यांचा आकडा सांगताना बाईंचा आवाज कापरा झाला. माझंही तेच झालं.

आणि हे ऐकायला सभागृह निम्मं रिकामं. सामूहिक फोटो आधी उरकला की मंडळी पांगतात. फोटो शेवटी घ्या, हे मी दर बैठकीत सांगतो. ते अजून कुणी मनावर घेतलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

राबणारे मात्र तेच. पहाटे सतरंज्या अंथरणारे दोघे भाऊ, माइक सांभाळणारा कॉलेजचा मुलगा, पत्रिका हातानं लिहिणाऱ्या काकू, प्रदर्शनाची टेबलं आणणारे खजिनदार, सभागृहाची किल्ली घेऊन शेवटपर्यंत थांबणारे मामा. हो, आणि ते जड पातं बाईंच्या घरून उचलून आणणारी त्यांची नात. गेल्या अहवालात तिचा उल्लेख राहिला होता.