पाच काड्यांचं बेट

नागपूरच्या माणसाने जन्मात बेट पाहिलंच असेल तर ते शुक्रवारी तलावातलं. कागदोपत्री गांधीसागर, पण ऑटोवाल्याला गांधीसागर म्हटलं तर तो मान मागे वळवून "म्हणजे शुक्रवारी नं?" असंच विचारणार. आणि समुद्र म्हणाल तर समृद्धीवरून सुसाट निघालात तरी ७०१ किलोमीटर, तेही ठाणे जिल्ह्यापर्यंतच, पुढे खाऱ्या वाऱ्याचा वास येईपर्यंत ट्रॅफिक वेगळं. त्यामुळे डिसेंबरात अंदमानचं बुकिंग झालं तेव्हा घरात सगळ्यात जास्त प्रश्न बाबांना पडले, आणि त्यातला पहिला प्रश्न होता की बेटावर फिरायला काय मिळतं.

बाबांचा हा प्रश्न साधा नाही. महाल भागातल्या घरातून सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात पस्तीस वर्षं सायकलने गेलेला माणूस आहे हा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून. रिटायर होऊन दहा वर्षं झाली पण अजूनही कुठलीही सायकल दिसली की अंगठ्याने टायर दाबून हवा बघतात, मग ती ओळखीच्याची असो नसो. एकदा धरमपेठेत एका पोट्ट्याने "ओ काका, काय करून राहिले?" म्हणून हटकलं होतं, तेव्हा त्यालाच मागच्या टायरमध्ये हवा कमी आहे म्हणून रागावून आले.

तर नील बेट. पोर्ट ब्लेअरहून फेरीने दीड-दोन तास. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालंय आणि नीलचं २०१८ पासून शहीद द्वीप, पण तिथल्या लोकांच्या तोंडी अजून नीलच आहे (आपलं शुक्रवारीसारखंच). शहीद आणि स्वराज ही नावं मुळात नेताजींनी १९४३ साली दिलेली, तेव्हा ती आख्ख्या अंदमान आणि निकोबारसाठी होती, आता नील आणि हॅवलॉक या दोन छोट्या बेटांना मिळालीत. बेट म्हणजे तरी केवढं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सात-आठ किलोमीटर. वस्ती तीनेक हजार. गावांची नावं बघा, रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे आणून वसवलं, त्यांनी जंगल तोडून भातशेती केली, सुपारी-नारळ लावले, आणि आज पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाणारी बरीचशी भाजी इथली असते. घरदार सोडून समुद्रापार आलेल्या लोकांनी गावांना वनवासातली नावं द्यावी हे मला फार लागलं, पण मी काही बोलणार इतक्यात बाबा म्हणाले, "रामटेकला मुक्काम करून इकडंच आले वाटते सगळे. शत्रुघ्न काऊन राहिला मग?"

जेट्टीच्या बाहेरच सायकली, स्कूटर, ई-बाईक सगळं भाड्याने मिळतं. म्हणजे ई-बाईक म्हणजे मोठी स्कूटर नव्हे, सायकलच, पण सीटच्या खाली दांड्यावर थर्मासएवढी बॅटरी आणि मागच्या चाकात मोटर. लायसन नको, नंबरप्लेट नको, कारण मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असला की आपला कायदा तिला मोटरगाडी धरतच नाही. आई आणि बायको-लेक काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघायला भरतपूरच्या बीचवर जाणार होत्या, म्हणून आम्ही दोघांनी दोन घेतल्या. दुकानातल्या पोराने आधार कार्ड ठेवून घेतलं आणि शिकवलं, हा अंगठ्याखालचा थ्रॉटल, दाबला की पेडल न मारता पळते, ही पेडल असिस्ट, एक ते पाच, आणि ही स्क्रीनवर बॅटरी, पाच काड्या. "चालीस किलोमीटर आराम से जाएगा अंकल." बाबांनी सगळं ऐकून घेतलं, टायर दाबला, बॅटरीवरचा स्टिकर चष्मा वर करून वाचला, ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर, आणि मला म्हणाले ३६० वॅट-अवर, म्हणजे एका युनिट विजेत ही पावणेतीन वेळा भरते, आणि तू हिचं किती भाडं देऊन राहिला? अकाउंट्समधून माणूस रिटायर होतो, माणसातून अकाउंट्स होत नाही.

आणि मग त्यांनी मोटर बंदच करून टाकली. असिस्ट शून्यावर, थ्रॉटलला हातही नाही. मी म्हटलं बाबा अहो पंचवीस किलोची सायकल आहे ही, तर म्हणे आमची हर्क्युलस काय फुलाची होती का, कॅरिअरवर गव्हाचं पोतं असायचं. मी मात्र थ्रॉटल दाबून निघालो. अडसष्ट वर्षांचा बाप पेडल मारतोय आणि बेचाळीस वर्षांचा मुलगा बसल्या बसल्या पुढे जातोय असं ते दृश्य होतं, शेतातल्या दोन बायका बघून हसल्यासुद्धा.

पण खरं सांगतो, फार भारी वाटत होतं. आवाज नाही ना. स्कूटरवर आपण आपल्याच आवाजात बसलेलो असतो हे ती नसल्यावर कळतं. इथे टायरखाली वाळू कुरकुरते तेवढं ऐकू येतं, कोंबड्या, कुठेतरी बंगाली रेडिओ, सुपारीच्या झाडांच्या शेंड्याला होणारी सळसळ, आणि झाडं संपली की एकदम समुद्र. रस्ता एकपदरी, दोन्ही बाजूंना केळी, मधे भाताची खाचरं, कापणी झालेली. चढ आला की मोटर हलकं हूं करते, मांजराला हात लावल्यासारखं.

ओहोटीची वेळ हॉटेलवाल्याने सांगून ठेवली होती म्हणून आधी लक्ष्मणपूरच्या त्या दगडी कमानीकडे गेलो. समुद्राने कोरून कोरून केलेला नैसर्गिक पूल आहे, तिथले बंगाली लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात. कोलकात्याला शेवटचं बघून जहाजात बसलेल्यांची ही आठवण असावी, की नुसती गंमत, माहीत नाही. ओहोटी असली तरच तिथपर्यंत चालत जाता येतं, मेलेल्या प्रवाळाच्या खडबडीत दगडांवरून, आणि खाचांमध्ये अडकलेल्या पाण्याच्या डबक्यांमध्ये बारके निळे मासे आणि काळ्या काकडीसारखे ते सी-कुकुंबर पडलेले. बाबा एका डबक्याजवळ उकिडवे बसले ते पंधरा मिनिटं उठेचनात. एक खेकडा शंख बदलत होता. म्हणजे जुन्या शंखातून बाहेर येऊन नवीन शंखात शिरायचा, परत यायचा, परत मोजमाप, परत शिरायचा. "धंतोलीतला फ्लॅट बघायला आल्यासारखा करून राहिला," बाबा म्हणाले.

आता रस्त्याचं सांगतो, कारण मला त्या बेटावर सगळ्यात विचित्र वाटलं ते हेच. नागपूरकराला रस्ता संपतो ही गोष्ट माहीतच नसते हो. आमच्या झिरो माईलच्या खांबावर कोरलंय, हैद्राबाद ३१८ मैल, रायपूर १७४, जबलपूर १७०, चांदा १२५. लहानपणी बाबांच्या सायकलच्या दांड्यावर बसून तिथून जाताना मी ते वाचायचो आणि मला वाटायचं की असंच बसून राहिलं तर आपण हैद्राबादलाच पोचू. श्रीनगर-कन्याकुमारी आमच्या गावातून जातो, हजिरा-पारादीप आमच्या गावातून जातो. कुठल्याही रस्त्याला लागा, तो पुढे कुठेतरी जातोच. आणि नीलवर कुठल्याही रस्त्याला लागा, पंधरा-वीस मिनिटांत वाळू. संपला. पुढे पाटी नाही, बायपास नाही, ढाबा नाही. दोन वेळा मी सवयीने थ्रॉटल दाबतच राहिलो आणि चाक वाळूत रुतून बसलं. मागून बाबा येऊन थांबायचे, एक पाय खाली टेकवून, आणि "झालं?" एवढंच विचारायचे.

आणि त्यात गंमत म्हणजे इतक्या छोट्या बेटावर, जिथे हरवता येत नाही, पेट्रोल लागत नाही, तिथेही मला टेन्शन होतंच, ते काड्यांचं. पाचाच्या चार झाल्या. मग तीन. मग एका चढावर दोन, सपाटीला परत तीन! मला वाटलं यंत्र बिघडलं, पण तसं नाही, मोटरने जोरात करंट ओढला की बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यापुरता खाली बसतो, भार कमी झाला की परत वर येतो, आणि स्क्रीन बिचारी व्होल्टेज बघूनच काड्या दाखवते. म्हणजे चढावर दिसते ती भीती आणि सपाटीला दिसते ती आशा. मी समुद्र बघायचा सोडून काड्या बघत होतो. मोबाईलची बॅटरी, महिन्याचा पगार, आणि आता ही.

जेवण नील केंद्रच्या बाजारात, भात, डाळ, सुरमई. तर्रीशिवाय बाबांना जेवल्यासारखं वाटत नाही पण मासा त्यांनी काट्यासकट निपटला. तिथेच हॉटेलवाल्याशी बोलताना कळलं की अंदमानात वीज बहुतेक डिझेल जाळूनच होते, आणि ते डिझेलही जहाजातून येतं. म्हणजे माझी ही बिनधुराची सायकल शेवटी जनरेटरच्या धुरावरच चालली होती. हसावं की काय करावं, पण आम्ही कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बघत मोठे झालेले लोक, आम्ही कोणाला नावं ठेवणार.

दुपारी सीतापूर. बेटाचं पूर्वेचं टोक, तिथे लोक सूर्योदय बघायला जातात आणि आम्ही गेलो तीन वाजता, त्यामुळे बीच पूर्ण रिकामा. सूर्यास्त मात्र लक्ष्मणपूरचा, म्हणजे बरोबर दुसऱ्या टोकाचा, आणि तो पाचलाच होतो. बाबांनी याचाही हिशोब केला होता, नागपूर रेखांश ७९, नील ९३, फरक १४, अंशाला चार मिनिटं म्हणजे छप्पन मिनिटं सूर्य इथे आधी येतो आणि आधी जातो, पण घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. "म्हणजे सरकारने इथल्या लोकांची रोज तासभर संध्याकाळ कापली," असं ते फार गंभीरपणे म्हणाले.

सव्वाचारला निघालो. दीड-दोन किलोमीटर आलो असू, एक काडी होती ती लुकलुकली आणि स्क्रीन काळी. चालीस किलोमीटर म्हणाला होता पोरगा, माझे जेमतेम वीस झाले होते, अर्थात मी सकाळपासून एकदाही पेडल मारलं नव्हतं आणि वजन ब्याऐंशी, त्यामुळे त्याला काय बोलणार. मोटर मेली की ती सायकल कशी लागते सांगू? ओल्या गोधडीसारखी. पाचशे मीटरमध्ये माझी छाती भात्यासारखी चालायला लागली. बाबा मागून आले.

"काऊन रे, बसलं का घोडं?"

मी काही बोललो नाही.

"उतर. माझी घे."

मी नको नको म्हटलं, पण ते थोडं तोंडदेखलंच होतं हे त्यांनाही कळलं असणार. त्यांच्या स्क्रीनवर पाचच्या पाच काड्या होत्या. त्यांनी माझ्या सायकलची सीट स्वतःच्या उंचीला लावून घेतली, टायर दाबला, आणि टांग टाकून निघाले, सकाळपासून जसे चालले होते तसेच, त्यांना काय फरक, त्यांच्या लेखी दोन्ही सायकली मेलेल्याच होत्या. मी मागे, असिस्ट एकवर. पुढे जाता आलं असतं पण नाही गेलो. त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला, गुडघे जरा बाहेर, आणि चढ आला की सीटवरून न उठता हँडल किंचित डावीकडे-उजवीकडे करत नागमोडी चढवायची ती पद्धत, मी दांड्यावर बसून पाठमोरा ऐकलेला तो श्वास. तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसायचा नाही. आताही दिसत नव्हता.

लक्ष्मणपूरला पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकून गेला होता, नुसता केशरी पट्टा उरला होता. रस्ता संपला, वाळू लागली, बाबा उतरले. "झालं?" या वेळी मी विचारलं. त्यांनी हात हलवून मला गप्प केलं आणि चप्पल काढून पाण्याकडे गेले.

अंधारात जेट्टीजवळ सायकली परत केल्या. दुकानातला पोरगा आधी माझ्याकडची घेऊन बघतो तर चार काड्या शिल्लक. मग बाबांच्या हातातली, काळी ठार, बटण दाबून दाबून पाहिलं. मग बाबांकडे, त्यांच्या पांढऱ्या केसांकडे, घामाने भिजलेल्या शर्टाकडे बघून हसायला लागला.

"क्या अंकल! पूरा दिन रेस ही मारा क्या?"

मी तोंड उघडलं होतं. बाबांनी माझ्याकडे न बघता खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि म्हणाले, "हाव. मस्त पळते."