भेट हवी, पण सुरक्षित हवी : ताब्याच्या अर्जाचा माझा अनुभव

माझ्या मुलाच्या ताब्याचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला तेव्हा तो सात वर्षांचा होता. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, ही हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मधील कलम ६ची तरतूद त्यामुळे माझ्या कामाची नव्हती. मुलाच्या वडिलांनी लगोलग स्वतंत्र अर्ज करून दर शनिवारी रात्रीचा मुक्काम आणि शाळेच्या सुट्टीचा अर्धा काळ मागितला. मुलाने वडिलांना भेटण्याला माझी हरकत कधीच नव्हती. हरकत होती ती त्यांनी दारू पिऊन त्याला गाडीत बसवण्याला, आणि राग अनावर झाल्यावर घरात जे घडत असे ते पुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडण्याला.

मी लिहून दिलेल्या हकिकतीतला निम्म्याहून अधिक मजकूर वकीलबाईंनी बाजूला काढला. त्यात खोटे काही नव्हते, परंतु त्यांचे म्हणणे असे होते : "ताई, नवरा म्हणून ते कसे वागले हे घटस्फोटाच्या अर्जात येईलच. इथे एवढंच सांगा, मूल त्यांच्याजवळ असताना काय झालं आणि पुढे काय होऊ शकतं." 'जाबदार (म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे ते, इथे मुलाचे वडील) हे व्यसनी व बेजबाबदार आहेत' हे वाक्य खोडून तिथे एका रात्रीची हकिकत आली : शाळेच्या कार्यक्रमाहून परतताना जाबदारांनी मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत मोटार चालवली, मुलगा पुढच्या सीटवर पट्टा न लावता बसलेला होता, गाडी दुभाजकाला घासली, मुलाच्या कपाळाला जखम झाली आणि त्याच रात्री टाके घातल्याचा दवाखान्याचा कागद सोबत जोडला आहे. पहिल्या वाक्याला समोरून 'हे खोटे आहे' एवढे उत्तर पुरते. दुसऱ्याला तारीख, जागा आणि कागद यांसकट उत्तर द्यावे लागते, आणि त्यांच्या लेखी म्हणण्यात त्या रात्रीबद्दल एक ओळही आली नाही, ही गोष्ट पुढे युक्तिवादात फार उपयोगी पडली.

पुराव्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १४ नुसार, वाद निकाली काढण्यास उपयोगी वाटेल असा कोणताही अहवाल, निवेदन किंवा दस्तऐवज न्यायालय विचारात घेऊ शकते. पुराव्याच्या कायद्याच्या काटेकोर कसोट्या तिथे आड येत नाहीत. त्यामुळे दवाखान्याचे कागद, शाळेने वर्तनातील बदलाबद्दल पाठवलेली चिठ्ठी आणि मुलाच्या वडिलांचे रात्री-अपरात्री आलेले संदेश हे सगळे दाखल करता आले. एका गोष्टीला मात्र वकीलबाईंनी ठाम नकार दिला. मुलाला मोबाईलपुढे बसवून 'बाबा काय करतात ते सांग' असे विचारणारे चित्रीकरण करू नका, असे त्यांनी बजावले. अशा चित्रफितीतून मुलाची भीती कमी आणि विचारणाऱ्याचा आवाज जास्त ऐकू येतो, शिवाय त्या मुलाला ती भीती पुन्हा एकदा अनुभवावी लागते. त्यांचा सल्ला किती योग्य होता हे समोरच्या बाजूचे म्हणणे आले तेव्हा कळले, कारण मी मुलाचे मन वडिलांविरुद्ध कलुषित केले हाच त्यांचा मुख्य आरोप होता आणि त्यासाठी त्यांनी विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग या २०१७च्या निकालाचा आधार घेतला होता.

आमच्या बाजूने नीलरतन कुंडू विरुद्ध अभिजित कुंडू हा सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा निकाल दाखवण्यात आला. त्या प्रकरणात आईच्या मृत्यूनंतर आजी-आजोबांकडे वाढत असलेल्या मुलाचा ताबा खालच्या न्यायालयांनी वडिलांना दिला होता. वडिलांवर आईच्या मृत्यूसंबंधी फौजदारी खटला चालू असणे ही बाब विचारात घ्यायलाच हवी होती आणि मुलाची इच्छाही जाणून घ्यायला हवी होती, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. आमच्या प्रकरणात इतके टोकाचे काही नव्हते. तरीही पालकाचे वर्तन हा मुलाच्या हिताचाच भाग आहे, हा मुद्दा त्यातून मांडता आला.

कायद्यानुसार तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य असल्याने समुपदेशन टळत नाही. मी पहिल्याच दिवशी दोघांना स्वतंत्रपणे बोलवावे अशी लेखी विनंती केली, कारण समोर ते बसलेले असताना मी काही खरे बोलू शकले नसते. ती विनंती मान्य झाली. ज्यांच्या घरात मारहाण झाली आहे त्यांनी ही मागणी करायला संकोचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे न्यायालयाने घरच्या परिस्थितीचा अहवाल मागवला आणि समुपदेशक दोन्ही घरी जाऊन आल्या. आमच्याकडे त्यांनी मुलगा कुठे झोपतो, मी कामावर असताना त्याच्याजवळ कोण असते, औषधे कुठे ठेवतो हे पाहिले. माझ्याबद्दल फारसे विचारलेच नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मधील कलम २१ प्रमाणे मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि वडिलांची भेट मुलाच्या हितास बाधक ठरेल असे वाटल्यास ती नाकारण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. कलम २६ मुळे हा दिलासा कौटुंबिक न्यायालयातही मागता येत असल्याने आम्हाला दुसरीकडे धावावे लागले नाही. मूळ अर्ज निकाली निघायला किती तारखा पडतील हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून खरी लढाई अंतरिम अर्जाची, म्हणजे तोवरच्या तात्पुरत्या आदेशासाठीच्या अर्जाचीच असते.

त्या अर्जावरील सुनावणीत न्यायाधीश महोदयांनी पहिलाच प्रश्न विचारला : "देखरेखीखाली भेट म्हणता, पण देखरेख करणार कोण?" याचे उत्तर आमच्याकडे तयार होते. सुरुवातीच्या भेटी न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत व्हाव्यात, आणि नंतरच्या भेटी मुलाच्या आत्यासमोर व्हाव्यात, असे आम्ही सुचवले. आत्याने तसे प्रतिज्ञापत्रही दिले. भाऊ दारू पिऊन आल्यास भेट तिथेच थांबवीन आणि मुलाच्या आईला कळवीन, असे तिने त्यात लिहिले होते. सख्ख्या भावाच्या प्रकरणात हे लिहून देणे तिला किती जड गेले असेल, याची मला जाणीव आहे. पण तिच्यामुळेच हा अर्ज सूडापोटी केलेला आहे हा त्यांचा मुद्दा लंगडा पडला.

आदेशापूर्वी न्यायाधीश महोदया मुलाशी त्यांच्या दालनात एकट्याने बोलल्या. आम्हा दोघांनाही बाहेर थांबवण्यात आले. त्याला काय सांगायचे हे मी शिकवले नव्हते. बाई तुला काही विचारतील, जे वाटते ते सांग आणि उत्तर द्यायचे नसेल तर तसेही सांग, एवढेच बोलले होते. आदेशात त्याविषयी मोजकाच मजकूर आहे : मुलाला वडिलांना भेटायचे आहे, मात्र रात्री त्यांच्याकडे राहण्याची भीती वाटते. हे वाचून मला बरे वाटले असे म्हणता येणार नाही, पण त्याचे म्हणणे माझ्या किंवा त्यांच्या तोंडून न जाता थेट पोहोचले होते.

अंतरिम आदेशाने ताबा माझ्याकडे राहिला. रात्रीचा मुक्काम नाकारला गेला. भेटीच्या चोवीस तास आधीपासून मद्य वर्ज्य, मुलाला घेऊन वाहन चालवण्यास मनाई आणि आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल, अशा अटी आल्या. काही आठवड्यांनी ते एकदा प्यालेल्या अवस्थेत आले आणि मुलांच्या खोलीतल्या कर्मचाऱ्याने ती गोष्ट नोंदवहीत लिहिली. आम्ही त्या नोंदीची नक्कल मागवली, अर्ज दिला आणि भेटी काही काळ थांबल्या. अटी जितक्या नेमक्या असतात तितका त्यांचा भंग दाखवणे सोपे जाते. आदेशात 'योग्य वर्तन ठेवावे' एवढेच असते तर त्या दिवशी आमच्या हाती काही नसते.

ताब्याचे आदेश परिस्थितीनुसार बदलता येतात, आणि ते दोन्ही बाजूंनी खरे आहे. मुलाचे वडील नंतर व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले, तिथले अहवाल त्यांनी दाखल केले आणि भेटी आधी खोलीत, मग आत्याच्या घरी दिवसभरासाठी सुरू झाल्या. मुलगा आता तिकडे आनंदाने जातो. रात्रीच्या मुक्कामासाठी त्यांनी नव्याने केलेला अर्ज सध्या प्रलंबित आहे. आमच्या म्हणण्यात आम्ही सरसकट विरोध नोंदवलेला नाही. सलग सहा महिन्यांचे तपासणी अहवाल, पहिले काही मुक्काम आत्याच्या घरी आणि त्यापूर्वी मुलाशी पुन्हा एकदा दालनात बोलणे, एवढ्या तीन गोष्टी मागितल्या आहेत.