फोटो नसलेला दिवस

रविवार, रात्री उशिरा

थोरली फोनमध्ये सहलीचे फोटो पाहत होती. शेवटचा आला तेव्हा तिने बोटाने आणखी सरकवून पाहिलं. सरकेना, तशी म्हणाली, "मग आपण घरी कसे आलो?" गाडीने आलो, असं सांगितलं. तेवढ्यावर तिचं भागलं. माझं भागत नाहीये.

परतीच्या दिवसाचा एकही फोटो नाही. लहान मुलं घेऊन गाडीने फिरणाऱ्या बऱ्याच घरांत नसेल. सहल म्हणजे जाणं आणि तिथे असणं. येणं आपण हिशेबातच धरत नाही. सकाळी कुणीतरी म्हणतं, "आज काय, नुसतं घरी तर जायचंय," आणि तो दिवस कसा जाणार ते तिथेच ठरून जातं. थांबे कमी करायचे, जेवण लवकर उरकायचं, अंधाराच्या आत पोचायचं. घाई सगळी मोठ्यांची. मुलांना सहलीचा दिवस आणि परतीचा दिवस असा भेद ठाऊकच नसतो. त्यांच्यासाठी आजही कालच्यासारखाच दिवस उजाडलेला असतो, फक्त आज कुणी फारसं सीटवरून उतरवत नाही.

हेच खुपतंय मला.

आणि जरा रागही येतोय, तोही लिहूनच टाकते. सगळ्यात जास्त राबायचं याच दिवशी असतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. नुसती डिकी घ्या. जाताना घड्या घालून नेलेले कपडे येताना मळके आणि चुरगळलेले असतात, जास्त जागा खातात. ओल्या टॉवेलांना वेगळी पिशवी हवी. मुलांनी वेचलेले दगड आणि काटक्या टाकवत नाहीत. मग न मावलेली एक पिशवी येते मुलांच्या पायाशी. पाय ठेवायला जागा उरली नाही की ते पुढच्या सीटच्या पाठीवर जातात, लाथा सुरू होतात, चालवणारा वैतागतो आणि दुपारी मागच्या सीटवर रडारड होते. तिचं मूळ आदल्या रात्रीच्या सामान भरण्यात असतं.

म्हणून भरायचं ते आदल्या रात्रीच. जड बॅगा डिकीच्या तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही ठेवायचं नाही. जोराचा ब्रेक लागला तर तिथली पाण्याची भरलेली बाटली थेट पुढे, डोक्यांच्या उंचीवर येते. आणि त्या दिवसापुरती एक वेगळी पिशवी: प्रत्येक मुलाचे कपड्यांचे दोन जोड, मोठ्यांचा एकेक सदरा (हा सगळे विसरतात, आणि उलटी मोठ्यांच्याही अंगावर होते), एक टॉवेल, ओले वाइप्स, तोंड बांधता येतील अशा चार-पाच प्लास्टिकच्या पिशव्या, औषधं, पाणी, कोरडा खाऊ. ही सगळ्यात शेवटी ठेवायची, म्हणजे डिकी उघडली की पहिली हाताला लागते.

टायरमधली हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी तपासायची. टायर गरम झाले की दाब वाढलेला दिसतो आणि आकडा फसवतो. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे तक्ता असतो. त्यात कमी माणसांसाठी एक दाब आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा, जास्त दाब दिलेला असतो. परतीच्या दिवशी दुसरा धरायचा.

मुलांच्या सीटांबद्दल (गाडीच्या सीटवर वेगळ्या बसवतात त्या) मी हट्टी आहे, आणि राहणार. सहलीत त्या सामानासाठी, धुण्यासाठी, कुणा पाहुण्याला बसवायला काढल्या जातात आणि घाईत परत बसवल्या जातात. शेवटच्या सकाळी प्रत्येक सीट पट्टा जातो तिथे धरून जोरात हलवून पाहावी. अडीच सेंटिमीटरहून जास्त सरकली तर ती सैल आहे. आयसोफिक्स (गाडीतल्या ठरावीक कड्यांत सीट थेट अडकवायची सोय) असेल तर दोन्हीकडची हिरवी खूण दिसली पाहिजे. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहायचा, चिमटीत घडी आली तर आणखी आवळायचा. तोंड मागे असलेल्या सीटवर तो खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावा, तोंड पुढे असलेल्या सीटवर खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून. जाड जाकीट घालून पट्टा बांधू नये. धक्क्यात जाकीट दबतं आणि तेवढा पट्टा ढिला पडतो. थंडी असेल तर पट्टा बांधून झाल्यावर वरून पांघरूण.

आणि बकल. इतक्या दिवसांचा चुरा आणि सांडलेला रस त्यात उतरलेला असतो, त्यामुळे 'खट्' आवाज येऊनही ते कधी नीट अडकत नाही, कधी उघडत नाही. कोमट पाण्याने धुऊन वाळवायचं. तेल सोडायचं नाही, तेलावर आणखी चुरा बसतो.

थोरली आता बूस्टरची झाली, म्हणजे गाडीचाच पट्टा नीट जागी यावा म्हणून उंच बसवणाऱ्या सीटची. कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर हवा, आणि वरचा मानेला न घासता खांद्याच्या मधून जायला हवा. झोप लागली की ती एका बाजूला कलंडते आणि पट्टा जागेवरून सुटतो, म्हणून दर थोड्या वेळाने मागे वळून पाहावं लागतं. अजून थोडी वर्षं, मग बूस्टरही लागणार नाही, मग ती आमच्याबरोबर येईल की... असो.

चालवणाऱ्याच्या झोपेबद्दल कुणी बोलत नाही. अनोळखी अंथरूण, मुलांचं रात्री उठणं, पहाटेची निघण्याची घाई, हे सगळं दिवसेंदिवस साठत शेवटच्या दिवशी वसूल होतं. १९९७ साली डॉसन आणि रीड या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवलं होतं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढासळतं. पहाटे चारला उठून रात्री नवाला घरी पोचायचा बेत म्हणजे बरोबर हेच गणित. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान शरीर स्वतःहूनच मंदावतं. डुलकी चार सेकंदांची जरी असली तरी ताशी १०० किलोमीटरच्या वेगात गाडी तेवढ्यात ११० मीटर पुढे गेलेली असते. काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं यांचा उपयोग जेमतेम काही मिनिटं टिकतो. खरा उपाय म्हणजे गाडी सुरक्षित जागी थांबवून कॉफी प्यायची आणि लगेच १५-२० मिनिटं डोळे मिटायचे. कॉफीचा असर सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. दुसऱ्या मोठ्या माणसाने तोवर मुलांना बाहेर पळवायचं. माझा आग्रह असा की ही डुलकी झोप आली तर घेण्याची नसावीच, ती निघतानाच बेतात धरलेली असावी. झोप आलेला माणूस ती आली आहे हे कबूल करत नाही.

उलटीचंही तसंच. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी जास्त लागते. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण हलतोय, आणि जवळच्या पडद्यावर खिळलेले डोळे सांगतात की नाही. शेवटच्या दिवशी सगळे खेळ, गोष्टी, कोडी संपलेली असतात, म्हणून फोन हातात दिला जातो, आणि घाईमुळे वळणंही जरा वेगात घेतली जातात. दोन्ही एकदम. आधी मूल गप्प होतं, चेहरा उतरतो, जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं. बडबडं मूल अचानक शांत झालं की आपल्याला बरं वाटतं. तेव्हाच फोन काढून घ्यायचा, पुढे लांबवर बघायला लावायचं, वारा घ्यायचा आणि जमेल तितक्या लवकर थांबायचं. पोट अगदी रिकामंही नको आणि तडस लागेल इतकं भरलेलंही नको. झालंच, तर आधी खरवडून काढायचं, मग गार पाण्याने पुसायचं. सीटचं कव्हर धुता येतं, पण तिचे पट्टे भिजत घालायचे नाहीत की मशीनमध्ये टाकायचे नाहीत. त्याने विणीची ताकद जाते. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायचे.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट ध्यानात येतेय. फोटो काढायला एक मोठं माणूस रिकामं लागतं. बघ्यासारखं दोन पावलं मागे उभं राहिलेलं. परतीच्या दिवशी तसं कुणी नसतंच. एक चालवतोय, दुसरी मागे हात लांब करून पडलेली बाटली शोधतेय. फोटो नाही याचा अर्थ त्या दिवसाकडे कुणी पाहिलं नाही असा मी घेत होते. पण दोघांचेही दोन्ही हात मुलांत गुंतलेले होते. याने राग जरा उतरला. खुपणं मात्र पुरतं गेलं नाही.

कारण त्या दिवसाची लांबी. मोठ्यांना परतीचा रस्ता जाण्याच्या रस्त्यापेक्षा लहान वाटतो. व्हॅन डे व्हेन नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हे तपासलं. परत येताना वेगळा, पण तितक्याच अंतराचा रस्ता घेतला तरीही तो लहानच वाटला. म्हणजे रस्ता ओळखीचा झाला हे कारण नव्हतं. जाताना आपला अंदाज चुकतो, वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून येताना आपण आधीच लांब प्रवासाची तयारी मनात केलेली असते. मग तो त्या मानाने लवकर सरतो. आता चार वर्षांच्या मुलाचा मुळात अंदाजच नसतो, तर त्याला ही सवलत कुठून मिळणार? आपण म्हणतो "आलंच घर", आणि त्याच्यासाठी अजून आख्खी दुपार पडलेली असते.

त्याला तास सांगून उपयोग नाही. चौकोन दाखवावेत. कागदाची एक पट्टी, तिच्यावर दर अर्ध्या तासाचा एक चौकोन, थांब्याचे चौकोन रंगवलेले. पुढच्या सीटच्या पाठीला चिकटवायची आणि अर्धा तास झाला की एकेक चौकोन खोडायचा. "किती राहिलं" हे विचारणं बंद होत नाही, पण उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर असतं. थांबे दर दोन तासांनी, तान्हं बाळ असेल तर त्याआधीच, आणि थांबा म्हणजे किमान २० मिनिटं पायांवर. सीटवर बसवून खाऊ भरवणं हा थांबा नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचा थांबा घर तासाभरावर आल्यावरचा, आणि नेमका तोच गाळला जातो. "आता काय, पोचलोच." मानसशास्त्रज्ञ कानमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग आठवतो. लोकांनी १४ अंश थंड पाण्यात ६० सेकंद हात बुडवला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. पुन्हा करायचं तर कोणतं, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलंच निवडलं. शेवट किंचित सुसह्य झाला होता एवढंच. तो प्रयोग मोठ्यांवरचा, पण मुलांचं वेगळं असेल असं मला वाटत नाही. शेवटच्या तासाआधी अर्धा तास मोकळं पळणं, माती, दगड फेकायला पाणी मिळालं तर उत्तम. वेळापत्रक अर्ध्या तासाने मोडेल. मोडू दे. दुसरा फायदा असा की मूल शेवटच्या वीस मिनिटांत झोपत नाही. संध्याकाळी पाचला गाडीत लागलेली झोप रात्री अकरापर्यंत छळते.

तरीही झोपलंच, तर घरी पोचल्यावर सीटवर तसंच ठेवू नये. लहान बाळाची मान पुढे पडली की श्वासाची वाट अरुंद होते. उचलून सपाट अंथरुणावर. आणि आधी मुलं घरात, मग सामान. दमलेल्या माणसाचे हात सवयीने डिकीकडे जातात. २००५ च्या एका अभ्यासात, उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सियसने चढलं, त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली आणि काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. दोन बॅगा वर नेऊन येतो, इतका वेळसुद्धा मुलाला गाडीत ठेवायचं नाही.

मुलांच्या आठवणींचं काय, हे राहिलंच. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना आठवत नाही, तेव्हा धाकट्याजवळ या सहलीतलं काही उरेल असं नाही. थोरलीजवळ उरेल ते बरंचसं आपण तिच्याशी कसं बोलतो यावर. रॉबिन फिवुश आणि इलेन रीज या मानसशास्त्रज्ञांचं संशोधन याच विषयावरचं: पालक जेव्हा "मग काय झालं? तुला कसं वाटलं?" असं मोकळं विचारत घडून गेलेल्या गोष्टी मुलांशी पुन्हा बोलतात, तेव्हा ती मुलं पुढे जास्त तपशिलाने सांगू शकतात. "गाडीने आलो" हे उत्तर त्या जातीचं नव्हे. फोटो नसला म्हणून सांगता येत नाही असं थोडंच आहे. चौकोनांची पट्टी आहे, धाकट्याने शेवटचा चौकोन खोडताना कागद फाडलाय, तो फाटलेला तुकडाही आहे. तिथपासून तिलाच सुरुवात करायला सांगेन.

उद्या सकाळी आधी टायरमधली जादा हवा काढायची, ओझं उतरलंय. सीटची कव्हरं धुवायला टाकायची, पट्टे पुसून सावलीत. दगडांचं काय करायचं ते तिलाच विचारते.