अप्पांची साक्ष

माझे वडील, ज्यांना घरात आणि मंडळीत सगळेच अप्पा म्हणत, निपाणीतल्या एका विडी कारखान्यात सत्तावीस वर्षे चेकर होते. चेकरचे काम काय असे, हे आता निपाणीतल्या नव्या पिढीलाही सांगावे लागते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बायका घरी तेंदूची पाने भिजवून, कापून, मांडीवरच्या सुपात विड्या वळत आणि पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून कारखान्यात आणून देत. चेकर प्रत्येक जुडी हातात घेऊन दाबून पाही. विडी सैल, वाकडी किंवा तोंड नीट न मुडपलेली दिसली की ती बाजूला पडे. या बाजूला पडलेल्या मालाला छाट म्हणत. त्याची मजुरी बाईला मिळत नसे आणि माल परतही मिळत नसे. तो कारखान्यातच राही आणि पुढे खपवला जाई. त्यामुळे धडधाकट विडीला छाट ठरवणे हे मालकाच्या फायद्याचे आणि चेकरच्या अधिकारातले काम होते. अप्पा ते करीत असत. रविवारी उपासनेत पहिल्या बाकावर बसत आणि सोमवारी त्याच हाताने छाट काढत.

निवृत्तीनंतर, 2011 च्या पावसाळ्यात, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. निपाणीची माणसे मोठ्या दुखण्याला पूर्वापार मिरजेकडे धावतात, डॉ. वानलेस यांनी 1894 साली तेथे रुग्णालय उघडले तेव्हापासूनची ती वाट आहे, आणि आम्हीही त्याच वाटेने गेलो. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेले आणि बोलणे अडखळू लागले. सहा महिने तेल, मालीश, व्यायाम, गोळ्या हे सर्व झाल्यावर नातेवाइकांच्या आग्रहाने आम्ही त्यांना बेळगावला एका चंगाई सभेला नेले. उपदेश कन्नडमध्ये होता आणि वाक्यावाक्याला मराठी भाषांतर होत होते. शेवटी आजाऱ्यांना पुढे बोलावले, तेव्हा एका स्वयंसेवकाने अप्पांच्या मनगटाला तेल लावून तो हात वर उचलला आणि सोडला. हात मांडीवर पडला. त्याने तो पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी अप्पांनीच डाव्या हाताने तो धरून पोटाशी घेतला. "विश्वास कमी पडतोय, बाबा," असे म्हणून तो तरुण पुढच्या खुर्चीकडे गेला.

त्या तरुणावर माझा राग नाही. देव आजार बरे करतो यावर माझाही विश्वास आहे आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून मीही प्रार्थना करतो. परंतु त्या एका वाक्याने माझ्या वडिलांच्या मनावर जे ओझे टाकले, ते पवित्र शास्त्रात कोठेही सापडत नाही, हे मला लिहिलेच पाहिजे. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढला जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. त्याला उत्तर मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे. त्याने त्रफिमाला मिलेत येथे आजारी असतानाच मागे ठेवले, आणि तीमथ्याला पोटाच्या वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. या तिघांचा विश्वास कमी पडला, असे आजवर कोणी म्हटलेले मी ऐकले नाही.

घरी परतल्यावर आठ-दहा दिवस अप्पा कोणाशी बोलले नाहीत. मग एका रात्री त्यांनी अडखळत विचारले, "ही शिक्षा आहे का रे?" मी काही समजूत घालण्याऐवजी लूकचा तेरावा अध्याय काढून वाचला. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमेत राहणाऱ्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती का, असे येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. म्हणजे संकट हा पापाचा हिशेब नव्हे. पण त्याच श्वासात तो ऐकणाऱ्यांना म्हणतो की पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, हे मला त्या रात्रीपर्यंत उमगले नव्हते. अप्पांना मात्र लगेच उमगले असावे, कारण त्यांनी शिक्षेचा विषय पुन्हा काढला नाही आणि दुसऱ्या रात्री ते म्हणाले, "तो छपराचा भाग वाच."

छपराचा भाग म्हणजे कफर्णहूमातल्या पक्षाघाती माणसाची गोष्ट. मार्क लिहितो की त्या चौघांनी छप्पर उकरले. लूक लिहितो की त्यांनी कौलांमधून त्याला खाली सोडले. आमच्या जिल्ह्यात या दोन्ही तऱ्हेची घरे आहेत. अथणी-गोकाककडे मातीची माळवदे, आणि खानापूरकडे, जिथे कौले भाजली जातात तिथे, उतरती कौलारे. आमच्या निपाणीच्या घरावर खानापूरचीच कौले होती आणि दर मे महिन्यात ती चाळायला अप्पा स्वतः वर चढत; खाली धुळीचा, काजळीचा आणि पालींच्या अंड्यांचा कसा वर्षाव होतो हे मला ठाऊक आहे. तो सगळा कचरा डोक्यावर झेलत येशू वर पाहतो आहे, बाज हळूहळू खाली येते आहे, आणि त्या लुळ्या माणसाला तो पहिले वाक्य म्हणतो ते हे, की मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. उठून चाल, हे नंतर. आणि तेही शास्त्र्यांच्या मनात शंका आली म्हणून, क्षमा करण्याचा अधिकार त्याला आहे हे त्यांना कळावे म्हणून. ते शास्त्री कुरकुरले नसते तर? हा प्रश्न मला वर्षानुवर्षे सतावतो. त्या माणसाला जे सर्वांत आवश्यक होते ते तो बाजेवर पडलेला असतानाच मिळून चुकले होते.

शुभवर्तमानांत हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, आणि तरी आपण तो उलटा करून वाचतो. खोराजिन, बेथसैदा आणि कफर्णहूम या गावांत येशूची बहुतेक अद्भुत कृत्ये घडली आणि नेमका त्याच गावांना त्याने दोष दिला, कारण त्यांनी पश्चात्ताप केला नाही. याउलट निनवेच्या लोकांपुढे योनाने एकही आजारी बरा केला नव्हता. त्यांनी नुसता संदेश ऐकला आणि गोणपाट नेसले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने एकही चिन्ह केले नाही, असे लोकच म्हणाले, आणि तरीही यार्देनेच्या काठी माणसे पापे कबूल करत रांगेने पाण्यात उतरत होती. सत्तर शिष्य भुतेही आपल्याला वश होतात म्हणून आनंदाने परतले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की याबद्दल आनंद मानू नका. तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत याचा आनंद माना.

आम्हा सीमाभागातल्या माणसांना एक सोय आहे, ती अशी की एकाच वचनाकडे दोन भाषांतून पाहता येते. मराठीत आपण 'पश्चात्ताप' म्हणतो, म्हणजे नंतरचा ताप, मागाहून होणारी होरपळ. जुन्या कन्नड भाषांतरात योहानाच्या हाकेच्या जागी 'देवर कडेगे तिरुगिकोळ्ळिरि' असे शब्द आहेत, म्हणजे देवाकडे वळा. मराठी शब्दात जळणे आहे आणि कन्नड शब्दात वळणे आहे. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मन पालटण्यावर आहे, आणि संदेष्ट्यांचा हिब्रू शब्द तर सरळ परत फिरण्याचाच आहे. मला वाटते, आपल्याकडे जळणे पुष्कळ होते. उपासनेत डोळे पुसले जातात, उपवासकाळात आवाज गहिवरतात; वळणे राहून जाते. अप्पांनीही सत्तावीस वर्षे अनेकदा डोळे पुसले होते.

'तारणे' या शब्दाचेही असेच आहे. ग्रीकमध्ये बरे करणे आणि तारणे यांसाठी एकच क्रियापद वापरलेले आढळते. रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीला आणि येशूचे पाय आसवांनी भिजवणाऱ्या पापी स्त्रीला तो मूळ भाषेत तेच शब्द बोलतो. पहिलीला शरीराचा रोग होता, दुसरीला नव्हता. आरोग्य हा तारणाचा एक कोपरा आहे, आणि तो मिळो न मिळो, बाकीचे घर उघडेच आहे. लाजर कबरेतून बाहेर आला, पण त्यालाही पुढे कधीतरी पुन्हा मरावेच लागले. बरे झालेले प्रत्येक शरीर शेवटी मातीला मिळते, हे आपल्याला दफनभूमीत पटते आणि सभेच्या मांडवात विसरायला होते.

आमच्या भागात नवस बोलण्याची आणि फेडण्याची रीत खोल मुरलेली आहे, आणि ती आम्हा ख्रिस्ती कुटुंबांच्या प्रार्थनेतही शिरली आहे. मूल होऊ दे, नोकरी लागू दे, हात उचलू दे, म्हणजे मी अमुक देईन. ही देवाणघेवाण माणसाला जशीच्या तशी ठेवते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या हयातीत, 1905 साली जी जागृती झाली, तिच्यात मुली रडत रडत आपली पापे कबूल करत होत्या; मराठी मंडळ्यांनी त्या जागृतीची ही खूण तरी विसरू नये.

आता वहीकडे येतो. जक्कयाचा भाग वाचून झाला त्या सकाळी अप्पांनी माझ्याकडून शाळेची एक कोरी वही मागवून घेतली आणि मला लिहायला बसवले. जक्कय जकातदार होता, तोही लोकांच्या मालावर हात ठेवूनच पोट भरत होता. त्याच्या घरात कोणी आजारी नव्हते, कोणी बरे झाले नाही, आणि तरी आज या घराला तारण प्राप्त झाले आहे असे येशू म्हणाला. अप्पांना त्या बायकांची नावे फारशी ठाऊक नव्हती. सत्तावीस वर्षे त्यांच्या विड्या छाटल्या आणि नावे विचारली नाहीत, हे सांगताना त्यांना जे रडू आले, तसे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मग ते खुणा सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. अकोळच्या रस्त्याला राहणारी, जिचा मुलगा पोलिओने अधू होता ती. दोघी सख्ख्या जावा. गरोदर असताना छाट जास्त निघाली म्हणून दारात बसून राहिलेली. अशा एकोणीस नोंदी झाल्या.

त्यांच्या नावावर चाळीस हजारांची ठेव होती, ती त्यांनी मोडली. क्षमा पैशाने विकत मिळते असे त्यांना वाटत नव्हते. उलट ते म्हणाले, क्षमा मिळाली आहे म्हणूनच आता दारात जायचे धाडस होते आहे. पुढच्या दीड वर्षात, रिक्षात बसवून, मी त्यांना घेऊन फिरलो. अकरा बायका सापडल्या. तिघी वारल्या होत्या, त्यांच्या मुलांना भेटलो. एकीने पैसे घेतले आणि दार लावून घेतले, तो तिचा हक्कच होता. त्या दोघी जावांपैकी थोरली म्हणाली, "अप्पा, आता कशाला ओ हे? बसा, च्या घ्या." तिने अप्पांच्या उजव्या हातात कप द्यायला पुढे केला, हात उचलत नाही हे लक्षात आल्यावर बशीत चहा ओतला, फुंकर मारून निववला आणि बशी स्वतः त्यांच्या ओठांना लावली. चहा हनुवटीवर ओघळला तो तिने पदराने पुसला. ज्या हाताने तिचा माल छाटला होता तो हात मांडीवर तसाच पडून होता.

2013 च्या सुरुवातीला बेळगावात पुन्हा तशीच सभा भरली आणि या वेळी अप्पांनीच मला न्यायला सांगितले. त्यांना साक्ष द्यायची होती. व्यासपीठाच्या पायरीशी साक्षीची नोंद घेणाऱ्याने विचारले, "कशातून बरे झालात?" अप्पा म्हणाले, "हात बरा झाला नाही. मी चोरी करत होतो, ती कबूल केली." त्याला ते ऐकून कसेसे झाले असावे; तो नम्रपणे म्हणाला की आज फक्त चंगाईच्या साक्षी घेत आहोत, वेळ कमी आहे. आम्ही खाली येऊन बसलो. व्यासपीठावरून गुडघेदुखीच्या, मुतखड्याच्या, पाठीच्या साक्षी होत राहिल्या, आणि त्यांपैकी कोणाच्याही आनंदावर मला शंका घ्यायची नाही. परंतु माझ्या शेजारी चाकांच्या खुर्चीत जो माणूस बसला होता, त्याच्यावर देवाने केलेले काम त्या मांडवातल्या कोणत्याही कामापेक्षा लहान नव्हते, आणि ते सांगायला त्याला पाच मिनिटे मिळाली नाहीत. ज्या मंडळीत बरे झालेल्या गुडघ्याला जागा आहे आणि परत केलेल्या मजुरीला नाही, त्या मंडळीने कफर्णहूमाकडे पाहून सावध व्हावे, असे मला मनापासून वाटते.

पुढच्या रविवारी निपाणीच्या आमच्या लहानशा मंडळीत पाळकांनी उपदेश आखडता घेऊन अप्पांना वेळ दिला. अप्पांचे निम्मे शब्द कळत नव्हते, ते मी पुन्हा म्हणत होतो. उपासना संपल्यावर किराणा दुकान चालवणारे आमच्या मंडळीतले एक वडील आले, काही न बोलता अप्पांच्या खुर्चीपाशी बराच वेळ उभे राहिले आणि घरी गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अप्पा प्रभूमध्ये झोपी गेले.

वही माझ्याकडे आहे. उरलेल्या पाच नोंदींपैकी चारांचा पत्ता मी नंतर लावला. शेवटची नोंद एवढीच आहे: 'जत्राटकडून चालत येणारी, उंच, डाव्या हाताने विडी वळणारी, छाट परत मागितली म्हणून मी ओरडलो.' गेल्या महिन्यात जत्राटला गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांना अशी डावखुरी बाई आठवली. ती लेकीकडे कागलला राहायला गेली, असे ते म्हणाले. या रविवारी उपासना झाली की कागलला जाणार आहे.