जेरुसलेमला जाताना आधी वार पाहा

तटबंदीच्या आतलं जुनं जेरुसलेम जेमतेम एक चौरस किलोमीटरचं. तरीही शुक्रवारी पोचून रविवारी पहाटे निघणाऱ्याचं हराम अश-शरीफ, म्हणजे अल-अक्सा मशिदीचं आणि सोनेरी घुमटाचं आवार, हमखास राहून जातं. मुस्लिमेतरांना तिथे रविवार ते गुरुवार, ठरावीक तासांतच आणि फक्त मुघराबी दरवाजाच्या लाकडी पुलावरून जाता येतं. वेळा अचानक बदलतात, म्हणून त्याच दिवशी सकाळी चौकशी करावी. पिशवीत बायबल किंवा प्रार्थनेची वस्तू असली की तपासणीत अडवतात. सोनेरी घुमटाच्या आत प्रवेश नाही, बाहेरून पाहायचं.

मी गुरुवारची सकाळ निवडायला सांगेन. खाली पश्चिम भिंतीपाशी, ज्यूंच्या प्रार्थनास्थळी, सोमवारी आणि गुरुवारी तोराहचं, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाचं, वाचन असतं. प्रार्थनेसाठी दंडावर आणि कपाळावर बांधलेल्या, धर्मग्रंथातली वचनं ठेवलेल्या तेफिल्लिनच्या काळ्या चामडी डब्याही तेव्हा पाहायला मिळतात. शनिवारी त्या बांधत नाहीत. तेफिल्लिन ही देवाशी झालेल्या कराराची खूण, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा वार, हीसुद्धा खूणच, मग एका दिवशी दोन कशाला, असा त्यामागचा विचार.

शुक्रवारी दुपारी दमास्कस दरवाजाच्या गल्ल्यांत गर्दीच्या उलट दिशेने जायला बघू नये. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाला, आधी खुत्बा (प्रवचन) होतो आणि जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाच्या, चार रकातींऐवजी (आवर्तनांऐवजी) दोन रकाती जमातीने, म्हणजे सगळे मिळून, पढतात. शुक्रवार म्हणजे मुसलमानांचा सुटीचा वार, असं आपण धरून चालतो. पण नमाज झाली की पांगा आणि अल्लाहची कृपा शोधा, म्हणजे कामाला लागा, असं कुराणाच्या 62व्या सूरेत आहे. सृष्टी सहा दिवसांत झाली हे कुराणालाही मान्य आहे, पण निर्मात्याला थकवा शिवला नाही, असं 50वी सूरा बजावते. मग सातव्या दिवशी विश्रांती कशाची?

ज्यूंचा शब्बाथ नेमका देवाच्या सातव्या दिवशीच्या त्याच विश्रांतीवर उभा आहे. जेरुसलेमच्या खास प्रथेनुसार शुक्रवारी सूर्यास्ताच्या 40 मिनिटं आधी मेणबत्त्या लावतात. ट्राम त्याही आधी थांबते, ती शनिवारी तारे दिसल्यावरच सुरू होते. आपला वार सूर्योदयाला बदलतो, ज्यूंचा आणि मुसलमानांचा सूर्यास्ताला; हे विसरलं की शुक्रवारी संध्याकाळी बसची वाट बघत उभं राहावं लागतं. निषिद्ध कामांचे 39 प्रकार आहेत, लिहिणं आणि विस्तव पेटवणं त्यांतलेच. म्हणून त्या दिवशी भिंतीपाशी कॅमेरा, मोबाइल नाही, आणि भिंतीच्या फटीत खोचायची प्रार्थनेची चिठ्ठी तिथे लिहायचीही नाही. जेवायला मुस्लिम मोहल्ल्यात जावं, तिथे हुमुस-फलाफलची दुकानं उघडी असतात. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचा तेलाचा घाणा याच कारणाने शनिवारी बंद असे, आणि गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. रायगडच्या माणसाला शब्बाथ वेगळा समजावायला नको.

रविवार ख्रिस्ती लोकांचा, कारण येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी पुनरुत्थित झाला ही श्रद्धा. येशूची कबर जिथे मानतात त्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये पहाटेच जावं. उन्हं वर आली की कबरीपुढची रांग तासाभराच्याही पुढे जाते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पश्चिम भिंतीपाशी पुरुषाने डोकं झाकायचं असतं, इथे टोपी काढायची. भिंतीकडून थेट येणारे नेमके इथेच चुकतात.

कबर रिकामी आहे, आणि ती रिकामी आहे म्हणूनच माणसं तिच्यापुढे गुडघे टेकतात. ज्यूंच्या लेखी मसीहा, म्हणजे देवाने वचन दिलेला तारणहार, अजून यायचा आहे. इस्लाममध्ये ईसा, म्हणजे येशू, हा कुमारी मरियमचा पुत्र, पैगंबर, मसीहसुद्धा, पण देवाचा पुत्र नव्हे आणि क्रुसावर मेलेलाही नव्हे. हिजरी 72 सालच्या त्या सोनेरी घुमटात आतल्या मोझेइकच्या लेखात 'तीन म्हणू नका', म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रिएक देव मानू नका, असं ख्रिस्ती लोकांना उद्देशूनच लिहिलंय.

चर्चची किल्ली मात्र शतकानुशतकं मुस्लिम घराण्यांकडे आहे. त्यासाठी एकदा तरी दार उघडण्याआधी अंगणात पोचाच. आतले धर्मगुरू दारातल्या झडपेतून शिडी बाहेर सरकवतात, आणि मुस्लिम द्वारपाल तिच्यावर चढून वरचं कुलूप काढतो.